स्टोकसे: लोकरीच्या व्यापाऱ्याची गढी

गुरुवार: लंडन ते लडलो

लंडनहून लडलोला थेट गाडी नाही. पॅडिंग्टनहून न्यूपोर्टपर्यंत यायचं आणि तिथून वेल्सच्या कडेकडेने उत्तरेला जाणारी छोटी गाडी पकडायची. ॲबरगव्हेनी, हेरेफर्ड, लेमस्टर अशी स्टेशनं मागे पडत जातात आणि प्रत्येक स्टेशनागणिक टेकड्या जवळ येतात. मे महिना असल्यामुळे रुळांच्या दोन्ही बाजूंना मेंढ्या आणि त्यांची कोकरं. लंडन सुटेपर्यंत फोनमध्ये बुडालेली ताई हेरेफर्डनंतर खिडकीला चिकटून बसली.

या सगळ्या पट्ट्याला मार्चेस म्हणतात. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधला हा सरहद्दीचा मुलूख. 1066 मध्ये इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मन सरदारांनी इथे जागोजागी किल्ले उभारले आणि पुढची दोनशे वर्षं वेल्श राजांशी झुंज चालू राहिली. किल्ले पाहायला येणारे लोक पुष्कळ. आम्हाला मात्र किल्ला आणि घर यांच्या मधली एक वास्तू पाहायची होती. ताई पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. तेराव्या शतकातलं लाकूडकाम अजून डोक्यावर छप्पर घेऊन उभं आहे, हे ऐकल्यापासून स्टोकसे तिच्या मनात होतं.

शुक्रवार: लडलो

आधी गाव पाहिलं, कारण स्टोकसे बांधणारा माणूस याच गावचा. लॉरेन्स ऑफ लडलो, लोकरीचा व्यापारी, आणि लोकरीच्याच व्यापाऱ्याचा मुलगा.

लडलो टेकडीवर वसलंय. एका टोकाला द लेसी घराण्याने अकराव्या शतकात सुरू केलेला किल्ला, मध्ये बाजार, आणि बाजारामागे सेंट लॉरेन्सचं भलंमोठं चर्च. किल्ल्यात बाराव्या शतकातलं गोल आकाराचं प्रार्थनामंदिर आहे, ते चुकवू नये. पुढे हाच किल्ला वेल्स आणि मार्चेसचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचं ठाणं झाला आणि 1689 पर्यंत राहिला. आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ आर्थर 1502 मध्ये इथेच वारला. तो जगला असता तर इंग्लंडचा इतिहास वेगळा झाला असता, हे खरं, पण आमचं लक्ष त्यात नव्हतं.

चर्चमध्ये मात्र बराच वेळ गेला. गायकांच्या बाकांखाली घडीच्या फळ्या आहेत. प्रार्थना लांबली की उभ्याउभ्याच टेकता यावं म्हणून केलेल्या. त्यांच्या खालच्या बाजूला मध्ययुगातलं कोरीवकाम आहे. मापात लबाडी करणाऱ्या दारूवालीला सैतान नरकात ओढून नेतोय, अशी एक फळी आहे. व्यापारी गावाने आपल्या देवळात मापातली लबाडी कोरून ठेवावी, हे मला फार आवडलं.

तेराव्या शतकात इंग्लंडची खरी दौलत म्हणजे लोकर. फ्लँडर्सच्या आणि इटलीच्या विणकरांना इंग्लिश लोकर हवी असायची, आणि मार्चेसमधल्या मेंढ्यांची लोकर उत्तम मानली जायची. लॉरेन्स ती इथल्या मठांकडून आणि जमीनदारांकडून विकत घेऊन समुद्रापार पाठवत असे. त्या पैशातून तो सरदारांना कर्ज देऊ लागला, आणि खुद्द राजा पहिल्या एडवर्डलाही. 1281 च्या सुमारास त्याने लडलोपासून सातेक मैलांवरचं स्टोकसे घेतलं. मूळ मालक व्हर्डन घराणं. त्यांना वर्षाचा खंड म्हणून द्यायचा होता एक कोवळा शिकारी पक्षी, शिकऱ्याच्या जातीचा. सरदार घराण्याचा नावापुरता मान राहिला आणि जमीन व्यापाऱ्याच्या हाती आली.

शनिवार: स्टोकसे

लडलोहून आगगाडीने पुढचंच स्टेशन क्रेवन आर्म्स. तिथून दक्षिणेला वीसेक मिनिटं चालायचं. क्रेवन आर्म्स हे नाव एका खाणावळीवरून आलं आणि खाणावळीचं नाव स्टोकसेच्या नंतरच्या मालकांवरून, म्हणजे क्रेवन घराण्यावरून. एकोणिसाव्या शतकात इथे मेंढ्यांचे मोठे लिलाव भरत. लॉरेन्सचा धंदा सहाशे वर्षांनीही त्याच वाटेवर चालू होता.

हमरस्ता सोडून गल्लीत वळलं की आधी चर्च दिसतं, मग खंदक, आणि खंदकापलीकडे पिवळ्या गेरूने रंगवलेली देवडी. ही देवडी लाकडी चौकटीची आणि 1640 च्या आसपासची, म्हणजे गढीहून साडेतीनशे वर्षांनी तरुण. मूळची दगडी देवडी केव्हाच गेली. हिच्या तुळयांच्या टोकांवर ॲडम, इव्ह, सर्प आणि ड्रॅगन कोरलेले आहेत. दाराखाली उभं राहून ताई मान वर करून बघत राहिली. सांधे लाकडाच्या खुंट्यांनी बसवलेले, मधल्या भागात तिरप्या पट्ट्यांची नक्षी. राजा आणि पार्लमेंट यांच्यातलं यादवी युद्ध दोन वर्षांवर आलेलं असताना क्रेवनांनी ही देवडी बांधली, आणि बांधली ती लाकडाची. मारा होईल असं त्यांच्या मनातही नसणार.

आत शिरलं की एकदम मोकळं. चौक अंदाजे दीडशे फूट लांब आणि सव्वाशे फूट रुंद आहे. पूर्वी इथे मुदपाकखाना, भटारखाना, कोठ्या होत्या. त्या 1800 च्या सुमारास पाडल्या. म्हणून आज देवडीतून समोर पाहिलं की गढीचा पूर्ण दर्शनी भाग एका नजरेत येतो: उजवीकडे उत्तरेचा बुरूज आणि त्याच्या डोक्यावर बाहेर आलेला लाकडी मजला, मध्ये दिवाणखान्याच्या उंच त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या, त्याला लागून मालकाची वरची खोली, आणि डावीकडे जरा सुटा, भारदस्त दक्षिण बुरूज.

खंदक पंधरा ते पंचवीस फूट रुंदीचा आहे, आणि त्यातून निघालेली माती आतल्या चौकात भरून जमिनीची पातळी वर घेतली. आज त्यात पाणी नाही, बाग आहे.

दिवाणखाना

ज्यासाठी आलो होतो ते इथे. साडेचौपन्न फूट लांब, एकतीस फूट रुंद, चौतीस फूट उंच. आणि मधे एकही खांब नाही. त्या काळात एवढं रुंद दालन झाकायचं तर दोन्ही बाजूंनी लाकडी खांबांच्या रांगा लावायची रीत होती. इथे त्याऐवजी नैसर्गिक वाक असलेली प्रचंड खोडं जोडीजोडीने समोरासमोर उभी करून तीन कमानी केल्यात, आणि वर आडव्या तुळयांनी त्या बांधून टाकल्यात. आढ्याला आधार देणारा मधला उभा दांडा नाहीच. सगळा भार वाकातून भिंतींकडे उतरतो.

ताई एका कमानीच्या पायथ्याशी बसली. "बघ, खालचा दगड नवा आहे," ती म्हणाली. खरंच होतं. कमानींची खालची टोकं आता एकोणिसाव्या शतकात घातलेल्या दगडी आधारांवर टेकली आहेत. "टोकं कुजली असणार. भिंतीत शिरणारं लाकूड नेहमी आधी तिथेच कुजतं. पण त्यांनी छपराची कैची बदलली नाही. तेवढाच भाग कापला आणि खाली दगड दिला. आपणही हेच करायचं असतं, पण करायला मिळत नाही."

जमिनीवर मधोमध अष्टकोनी दगडी चूल आहे. उघडीच, धुराड्याशिवाय. धूर वर आढ्यात जमायचा आणि फटींतून बाहेर पडायचा, म्हणून वरची लाकडं काजळलेली. या चुलीभोवती लॉरेन्सचं सगळं घरदार, नोकर, कारकून, पाहुणे एकत्र जेवत असणार. खिडक्यांच्या वरच्या भागाला त्या काळी काचा होत्या आणि खालच्या भागाला नुसत्या लाकडी झडपा. थंडीत झडपा लावल्या की वरून उजेड आणि खालून ऊब, असा बेत.

या खिडक्यांमुळेच स्टोकसेचा स्वभाव कळतो. चौकाकडे मोठ्या खिडक्या असणं समजू शकतं. पण खंदकाकडच्या, म्हणजे बाहेरच्या भिंतीतही तेवढ्याच उंच खिडक्या आहेत. खरोखरच्या हल्ल्याची भीती असलेला माणूस बाहेरच्या भिंतीला अशी भोकं पाडणार नाही. लॉरेन्सने काळ ओळखला होता. वेल्सचा राजपुत्र लुएलिन डिसेंबर 1282 मध्ये मारला गेला, पुढच्या वर्षी युद्ध संपलं, आणि सरहद्द शांत झाली. लुटारूंपासून बचाव होईल इतकी मजबुती आणि सूर्यप्रकाशात जेवता येईल इतका मोकळेपणा, या दोन्हींचा त्याने मेळ घातला. 1291 मध्ये त्याने राजाकडून घराला तट आणि चर्या, म्हणजे तटावरचे दातेरी कठडे, करण्याचा परवाना मिळवला. तोवर घर बव्हंशी उभं राहिलेलं होतं. एका व्यापाऱ्याला असा परवाना मिळणं हा मानाचा तुरा होता, आणि दक्षिण बुरूज बघितला की त्याला तो किती हवाहवासा वाटला असेल ते समजतं.

दिवाणखान्याच्या उत्तर टोकाला वर जाणारा जिना आहे. मूळचा, तेराव्या शतकातला. पायऱ्या फळ्यांच्या नाहीत, अखंड ओंडके तासून केलेल्या. सातशे वर्षांच्या पावलांनी त्या मधोमध झिजल्या आहेत. जपून चढावं लागतं. वर उत्तर बुरुजातल्या खोलीत मध्ययुगातल्या फरशीचा थोडा भाग शिल्लक आहे.

मालकाची खोली आणि दक्षिण बुरूज

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाची मालकाची खोली आतून जोडलेली नाही. तिथे जायला चौकातून, बाहेरच्या जिन्याने चढावं लागतं. आत भिंतींवर सतराव्या शतकातलं लाकडी फळ्यांचं अस्तर आणि शेकोटीवर अगदी दाट कोरीवकाम: चेहरे, फळं, वेली. एकेकाळी ते सोनेरी, तांबडं, हिरवं, गुलाबी, पांढरं रंगवलेलं होतं, आणि नीट पाहिलं तर खाचांमध्ये रंग अजून सापडतो. शेकोटीच्या दोन बाजूंना दोन लहान झरोके आहेत. त्यांतून खालचा दिवाणखाना दिसतो. जेवणानंतर मालक वर आला तरी खाली काय चाललंय त्यावर त्याची नजर.

दक्षिण बुरूज हा या घराचा सर्वांत किल्लेवजा भाग. नकाशात तो वेडावाकडा पंचकोन आहे. बाहेरून पाहताना दोन बुरूज एकमेकांत शिरल्यासारखे भासतात. उत्तर वेल्समध्ये एडवर्ड राजा त्याच वेळी जे बहुकोनी बुरूज बांधत होता, त्यांची आठवण करून देणारा हा थाट मुद्दाम केलेला असावा असं मला वाटतं. मूळचं दार पहिल्या मजल्यावर होतं आणि तिथे मालकाच्या खोलीकडून उचलपुलावरून जायचं. तळघरात फक्त वरून उतरता यायचं. तिथे विहीर होती. घराचा बाकी भाग पडला तरी बुरूज एकटा तग धरेल अशी ही योजना.

ताईला इथे काहीतरी खटकलं. जिने आणि शौचकूप भिंतींच्या जाडीतच पोखरून काढलेत, आणि त्या पोकळ्या एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. भिंत त्यामुळे कमजोर झाली आणि बांधकाम चालू असतानाच दोन मोठ्या टेकूभिंती बाहेरून द्याव्या लागल्या. आता त्या बुरुजाच्या रुबाबात मिसळून गेल्यात, पण आहेत त्या घाईने केलेल्या दुरुस्त्या. सातशे वर्षांपूर्वीच्या गवंड्याला भिंत झुकताना पाहून काय वाटलं असेल, यावर आम्ही बुरुजाच्या माथ्यावर बसून बराच वेळ बोललो. वरून ऑनी नदीचं खोरं, रेल्वे आणि झाडीने भरलेल्या टेकड्या दिसतात. दक्षिणेला पूर्वी तळी होती, आणि ती बुरुजावरून शोभून दिसावीत अशीच केलेली.

लॉरेन्सला हे सुख फार काळ मिळालं नाही. 1294 मध्ये फ्रान्सशी युद्ध सुरू झालं. राजाला पैसा हवा होता. लॉरेन्सच्या पुढाकाराने व्यापाऱ्यांनी लोकरीवरच्या जबर करवाढीला मान्यता दिली: एका पोत्यामागे चाळीस शिलिंग. त्याआधीची जकात होती सहा शिलिंग आठ पेन्स. व्यापाऱ्यांनी हा भार मेंढपाळांवर ढकलला, त्यांना लोकरीचा भाव कमी देऊन. त्याच नोव्हेंबरात लोकर घेऊन समुद्रापार जाताना लॉरेन्सचं जहाज बुडालं आणि तो मेला. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराने लिहून ठेवलंय की, लोकर पिकवणाऱ्यांशी पाप केलं म्हणून तो लोकरीने भरलेल्या जहाजातच बुडाला. ते वाचल्यापासून मला त्या सुंदर खिडक्यांमागे हजारो मेंढपाळांची तुटलेली मिळकतही दिसते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच घरात आहे.

पुढची साडेतीनशे वर्षं भरभर सांगता येतील. दोनशे वर्षं घर लॉरेन्सच्या वंशात राहिलं, मग लग्नसंबंधाने व्हर्नन घराण्याकडे गेलं, 1598 मध्ये विकलं गेलं आणि 1620 मध्ये क्रेवनांनी घेतलं. क्रेवन राजाच्या बाजूचे. त्यामुळे यादवी युद्धात जून 1645 मध्ये पार्लमेंटची फौज स्टोकसेवर आली. शिबंदीने फारशी झुंज न देता गढी सोडली. नंतर गढी निकामी करण्याचा हुकूम सुटला तेव्हा बाहेरचा तट उतरवला गेला. खंदकाच्या तळापासून चौतीस फूट उंच असलेला तट आज जेमतेम कठड्याएवढा उरलाय. घराला कुणी हात लावला नाही.

आणि मग ज्या काळाबद्दल माहितीफलकांवर सर्वांत कमी लिहिलंय, तो सुरू होतो. अठराव्या शतकात मालक राहायला नव्हते, शेतकरी कूळ होतं. दिवाणखान्यात धान्य भरलं जाऊ लागलं. गढीत पिंपं बनवण्याचा कारखानाही होता, आणि 1830 मध्ये दक्षिण बुरुजात आग लागून त्याचे मजले जळाले. आज आपण चालतो ते मजले त्यानंतरचे. या दीडशे वर्षांना पडझडीचा काळ म्हणायची पद्धत आहे. मला हे पटत नाही. धान्य साठवायचं तर छप्पर गळून चालत नाही. कोठार म्हणून वापर होता म्हणूनच दिवाणखान्याचं छप्पर टिकलं. आणि कोठाराला नवीन छत, नवीन खिडक्या, मधला माळा कुणी करत नाही. एखादा श्रीमंत मालक इथे राहता तर त्याने शंभर वर्षांत दिवाणखान्याचे दोन मजले करून टाकले असते. इंग्लंडमधल्या असंख्य जुन्या घरांचं तसंच झालं. ताई म्हणाली, "तुझं बरोबर आहे. वाडे पावसाने जातात. आणि पाऊस थांबला की मालकाच्या हौसेने जातात."

एकोणिसाव्या शतकात पारख असणारे भेटले. फ्रान्सिस स्टॅकहाउस ॲक्टन या परिसरातल्या जमीनदार बाई. त्यांनी 1853 मध्ये क्रेवनांच्या मागे लागून डागडुजी करवून घेतली. 1869 मध्ये जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट या हातमोज्यांच्या कारखानदाराने 2,15,000 पौंडांना सगळी जहागीर घेतली. पुन्हा व्यापारीच. पण हा स्टोकसेत राहायला आला नाही. त्याने स्वतःसाठी जवळच नवीन प्रासाद बांधला आणि गढी फक्त दुरुस्त करून, लोकांना पाहण्यासाठी ठेवली. लाकूड कुजलं तिथे दगडाचा आधार, इतपतच. त्याच्या वंशजांनी 1986 मध्ये देखभाल इंग्लिश हेरिटेजकडे सोपवली, आणि त्यांनीही खोल्यांत खोटं फर्निचर भरलं नाही. खोल्या रिकाम्या आहेत म्हणून सांधे दिसतात.

रविवार: चर्च

सकाळी पाऊस होता. चर्च खंदकाला जवळजवळ खेटून आहे, आणि यादवी युद्धात त्याचंही नुकसान झालं. दुरुस्ती लगेचच, 1650 च्या दशकात झाली. राजाच नसलेल्या त्या थोड्या वर्षांत इंग्लंडमध्ये फार कमी चर्चं बांधली गेली, म्हणून हे वेगळं. आत उंच लाकडी खोक्यांसारखे बाक, मालक घराण्यासाठी छत असलेला बाक, आणि भिंतींवर ठळक अक्षरांत बायबलची वचनं. ओळीने उभी असलेली ती अक्षरं चित्रांपेक्षाही भारदस्त वाटली. चर्चच्या आवारातूनच गढीचा उत्तर बुरूज सर्वांत छान दिसतो. फोटो तिथून काढावा.

सोमवार: ॲक्टन बर्नेल

श्रूजबरीपर्यंत आगगाडी, पुढे टॅक्सी. ॲक्टन बर्नेल स्टोकसेचं समकालीन. पहिल्या एडवर्डचा चॅन्सलर म्हणजे प्रमुख मंत्री, बाथ आणि वेल्सचा (हे वेल्स म्हणजे इंग्लंडमधलं गाव) बिशप रॉबर्ट बर्नेल याचं हे घर. त्याला चर्यांचा परवाना मिळाला 1284 मध्ये, म्हणजे लॉरेन्सच्या सात वर्षं आधी. तांबड्या वालुकाश्मातली चौकोनी इमारत, चार कोपऱ्यांना चार बुरूज. रचना स्टोकसेपेक्षा कितीतरी नेटकी. एका मोठ्या मेंदूने आखलेली आहे हे लगेच कळतं.

1283 मध्ये एडवर्डने इथे पार्लमेंट भरवलं आणि त्यात ॲक्टन बर्नेलचा कायदा मंजूर झाला: व्यापाऱ्याने दिलेलं कर्ज नगराध्यक्षापुढे नोंदवायचं, आणि ते फिटलं नाही तर ऋणकोचा माल विकून वसूल करायचं. कर्जावर जगणाऱ्या लॉरेन्ससारख्या माणसांना याचा किती आधार वाटला असेल! पार्लमेंट जिथे बसलं असं सांगतात त्या जुन्या कोठाराच्या फक्त दोन टोकांच्या त्रिकोणी भिंती शेतात उभ्या आहेत.

बर्नेल 1292 मध्ये वारला आणि 1420 च्या सुमारास घर ओस पडलं. आज नुसत्या भिंती आहेत. आत गवत, वर आकाश. राज्यातल्या सर्वांत बलाढ्य मंत्र्याच्या दिवाणखान्यात उंच खिडक्यांच्या नक्षीदार कमानी शाबूत आहेत, पण त्यांच्यावर कसलं छप्पर होतं हे कल्पनेनेच जुळवावं लागतं. ताई भिंतीतल्या तुळयांच्या खाचा मोजत फिरली. कुठे मजला होता, कुठे आढं टेकलं होतं, हे तिने मला एकेक करून दाखवलं.

तुम्ही या बाजूला आलात तर आमच्या उलट क्रमाने जा. ॲक्टन बर्नेल आधी बघा, तिकीट नाही, अर्धा तास पुरतो. मग स्टोकसेला निदान तीन तास द्या, आणि दिवाणखान्यात शिरताना खिडक्यांऐवजी आधी वर बघा. थंडीच्या महिन्यांत गढी रोज उघडी नसते, तेव्हा वेळा पाहून निघा. आणि जिन्याच्या त्या झिजलेल्या ओंडक्यांसाठी बूट चांगल्या पकडीचे घाला.